कोरड्या शिदोरीचा मुलूख

मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तोफा मोजल्या, पागा मोजल्या, तहांची कलमे आणि सरंजामांच्या याद्या दप्तरांच्या रुमालांतून मोठ्या कष्टाने उजेडात आणल्या. परंतु ज्या शिपायाने तो गड राखला आणि ज्या बारगिराने तो घोडा नर्मदेपार नेला, त्याच्या कमरेच्या फडक्यात खाण्याचे असे काय बांधलेले होते, या प्रश्नाकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेले नाही. वास्तविक फौज पोटावर चालते हे कोणाही सरदारास सांगावे लागत नसे, आणि गडाचा दरवाजा पुष्कळदा सुरुंगाने नव्हे तर रिकाम्या कोठीने उघडला गेला आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरता जरी हा विषय घेतला, तरी त्यातून एका जुन्या आणि अत्यंत विचारपूर्वक जोपासलेल्या विद्येचा माग लागतो: अन्नातील पाणी काढून घेऊन ते हलके, टिकाऊ आणि प्रवासयोग्य करण्याची विद्या.

या विद्येचा आजचा अवतार म्हणजे गोठवून वाळविलेल्या, ज्यास सर्वत्र ‘फ्रीझ-ड्राइड’ म्हणतात अशा, अन्नाची पुडी. पाठीवर पिशवी टाकून आठ-आठ दिवस डोंगरात हिंडणारे तरुण-तरुणी दुकानात उभे राहून ती पुडी हातात तोलतात, वजन वाचतात, किती पाणी लागेल ते पाहतात, आणि मग राजमा-भात घ्यावा की खिचडी, याचा निर्णय करतात. ही निवड त्यांना अगदी नवी वाटते. परंतु वजन किती, टिकेल किती, शिजवावयास जळण लागेल काय, आणि मुक्कामावर पाणी मिळेल काय, हे चारही प्रश्न साताऱ्याच्या किल्लेदाराने, तासगावच्या पटवर्धनांच्या कारभाऱ्याने आणि माण तालुक्यातून पंढरीस निघालेल्या म्हातारीनेही आपापल्या परीने विचारलेले आहेत. त्यांतला चौथा प्रश्न सर्वांत जड आहे. अन्नातून जे पाणी काढून टाकले त्याचे ओझे वाटेवर वाचते खरे. पण ते पाणी नाहीसे झालेले नसते, त्याची नुसती उधारी झालेली असते, आणि मुक्कामावर ती फेडावीच लागते. आमच्या मुलखातील शिदोरीचा इतिहास हा बव्हंशी या उधारीचाच इतिहास आहे, असे माझे मत आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. आज हे दोन जिल्हे पृथक् असले, तरी १९४९ पर्यंत सांगलीकडील बराचसा प्रदेश सातारा जिल्ह्यातच मोडत होता. त्या साली, आधीच विलीन झालेल्या पटवर्धनी संस्थानांचा मुलूख आणि साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके मिळून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या सलग प्रदेशाच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस माण, आटपाडी, जत या बाजूस पाचशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी देवाचे आभार मानतो. जावळीच्या खोऱ्यात नाचणी आणि भात, पूर्वेच्या माळावर ज्वारी, बाजरी आणि हुलगा. एकीकडे चार महिने धान्यास बुरशी येऊ न देण्याची चिंता, तर दुसरीकडे बारा महिने पाण्याची चिंता. अन्न वाळविण्याचे शास्त्र ज्या दोन कारणांनी जगात जन्मास येते ती दोन्ही कारणे अशी एकाच जिल्ह्यात शेजारी नांदत होती.

म्हणूनच या मुलखातल्या गृहिणींनी शिदोरीचे दोन प्रकार केव्हाच निश्चित केले. पहिला प्रकार आपले पाणी आपल्याबरोबर घेऊन चालणारा: भाकरी, धपाटे, दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, सोबत कांदा आणि शेंगदाण्याची अथवा कारळ्याची चटणी. ही शिदोरी फडके सोडले की खाता येते; तिला चूल नको, भांडे नको, आणि विहीर सापडली नाही तरी अडत नाही. परंतु ती जड असते आणि दशमी दोन-तीन दिवस टिकली तरी साधी भाकरी दुसऱ्या दिवशी वाळते आणि पावसाळ्यात तिला बुरा येतो. दुसरा प्रकार पूर्ण कोरडा: लाह्या, पोहे, फुटाणे, मेतकूट, हुलग्याचे पीठ, आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे सातू. हा प्रकार महिनोन्‌महिने टिकतो आणि मूठभराने पोट भरते. मात्र त्यास पाणी हवे.

सातूचे पीठ करणाऱ्या बाईचे काम जवळून पाहण्यासारखे असते. गहू आणि डाळ निरनिराळी भाजावयाची, कारण दोहोंना लागणारी आच भिन्न. गव्हास तांबूस रंग चढून खमंग वास सुटेपर्यंत उलथणे थांबवावयाचे नाही, आणि डाळ मात्र करपू लागण्याच्या आधीच्या क्षणाला परातीत ओतावयाची. धान्य चांगले निवाल्यावाचून ती जात्यात घालू देत नाही. गरम दळले तर पीठ ओलावा धरते आणि डब्यात त्याचे खडे होतात, हे तिला कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नसते. नंतर जिऱ्याची अथवा सुंठ-वेलदोड्याची पूड मिसळते. वाटेवर वाटीभर पाण्यात गूळ विरघळवून त्यात हे पीठ कालविले, की जेवण सिद्ध. यात शिजविण्याचे सारे काम घरच्या चुलीवर आधीच उरकलेले असते आणि वाटसरूने फक्त पाणी परत घालावयाचे असते. आणि तेही थंड चालते. आजच्या पुडीचे मूळ तत्त्व याहून निराळे नाही. पोह्यांचेही तेच: भात भिजवून, भाजून, कांडून चपटा केला की तो पुन्हा शिजवावा लागत नाही. जगाने ‘झटपट’ अन्नाचे कौतुक सुरू करण्यापूर्वी कितीतरी शतके हे तंत्र आमच्या उखळात होते.

घरातून आता गडावर जाऊ. शिवकालीन व्यवस्थेत गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत, आणि त्यांपैकी कारखानीसाकडे दाणागोटा व जखिऱ्याचा हिशेब असे. या खात्याची थोरवी वेढ्याच्या वेळी कळे. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने स्वतः साताऱ्याच्या गडास, म्हणजे आजच्या अजिंक्यताऱ्यास, वेढा घातला. ग्रँट डफ, जो पुढे साताऱ्यातच इंग्रजांचा प्रतिनिधी होता आणि ज्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो सांगतो की बादशहाची स्वारी इकडे वळेल अशी कल्पना नसल्यामुळे गडावर जेमतेम दोन महिन्यांचा दाणा होता. आणि तरीही किल्लेदार प्रयागजी प्रभूने गड एप्रिल १७०० पर्यंत लढविला, याचे एक कारण असे की शेजारच्या परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे आजच्या सज्जनगडावर, राहून मराठ्यांचे सरदार परशुराम त्रिंबक यांनी औरंगजेबाचा शहाजादा आज्जमशहा यास फितवून आत रसद पोचविली. सुरुंगांची आणि त्यांत ढासळलेल्या तटाची हकीकत सर्वांस ठाऊक असते. परंतु ज्या पोत्यांच्या आधारावर तेथील शिबंदी उभी होती, त्यांचा उल्लेख शाळेच्या पुस्तकांत येत नाही. गड पडल्यावर त्यास आज्जमतारा हे नाव मिळाले, आणि ज्याच्या काणाडोळ्यामुळे वेढा लांबला त्याच्याच नावाने तो काही काळ ओळखला गेला.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गांविषयी जो उपदेश केला आहे, त्यात धान्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, भर पाण्यावर आहे. एका टाक्यावर विसंबून राहू नये, झऱ्यावरही विसंबू नये, कारण तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. म्हणून साठ्याची टाकी दोन-चार तरी बांधावी, असा त्यांचा आशय आहे. किल्ल्यावरील कोठार म्हणजे कोरड्या अन्नाचा प्रचंड साठा; आणि टाकी म्हणजे त्या साठ्याची उधारी फेडणारा खजिना. अजिंक्यतारा, चंदन-वंदन, पांडवगड, वैराटगड यांपैकी कोणत्याही गडावर गेले असता कोठारांच्या पडक्या भिंतींपाशी न थांबता लोक सरळ बुरुजाकडे जातात. वस्तुतः कोठार आणि टाके यांमधील अंतर पायांनी मोजून पाहिले, तर तो गड बांधणाऱ्याच्या दूरदृष्टीचा अंदाज बुरुजाहून अधिक चांगला येतो.

कोरड्या वस्तूचा दुसरा वैरी अग्नी. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. त्यात रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याची जी ताकीद आहे ती सर्वांच्या तोंडी असते. परंतु त्याच पत्रात पावसाळ्यापुरता साठविलेला दाणा व वैरण आरंभीच उधळल्यास पुढे उपास पडतील, आणि रात्री दिवे जळते ठेवल्यास उंदीर पेटती वात ओढून नेतील व गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारीक गोष्टीपर्यंत राजाची नजर गेलेली आहे. चिपळुणाहून कुंभार्ली घाट चढले की पाटणचा मुलूख लागतो. त्याच सह्याद्रीच्या रांगेत उत्तरेस वासोटा आहे, आणि त्या ताकिदीचे सत्य सव्वाशेहून अधिक वर्षांनी वासोट्यावर अक्षरशः प्रत्ययास आले.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी मसूर येथे अटकेत पडले असता, ताई तेलीण नावाच्या त्यांच्या उपस्त्रीने वासोटा हस्तगत केला, माणसे जमविली आणि प्रतिनिधींना सोडविले. पुढे बापू गोखल्यांनी प्रतिनिधींचा पराभव केला, लढाईत त्यांचा हात गेला, ते पुन्हा कैद झाले, एकामागून एक किल्ले पेशव्यांच्या हाती पडले; पण ताईने वासोटा सोडला नाही. गोखल्यांसारख्या अनुभवी सेनापतीस तिने कित्येक महिने त्या निबिड अरण्यात अडकवून ठेवले. अखेर गडावरील धान्याच्या कोठारास अकस्मात आग लागली, साठा जळाला, आणि मग तिला गड खाली करून द्यावा लागला. या स्त्रीच्या पराक्रमाबद्दल जे पवाडे व लोकोक्ती झाल्या त्यांत हसण्यावारी नेण्याचा सूर अधिक आहे, याचे मला नेहमी वाईट वाटते. कारण तलवारीने तिचा पराभव झाला नाही, दाणा जळाला म्हणून झाला, आणि तो जळेपर्यंत इतक्या माणसांना तिने पुरविला, यावरून ती कोठीचा बंदोबस्त उत्तम जाणणारी होती, हे उघड आहे.

फौजेची गोष्ट गडाहून वेगळी. गड अन्नाजवळ बसून राहतो. फौजेला अन्न घेऊन पळावे लागते. थोरल्या बाजीरावाविषयी एक कथा ग्रँट डफाने नमूद केली आहे: प्रतिपक्षाकडील चित्रकाराने त्याचे चित्र काढून नेले, त्यात पेशवा घोड्यावर बसून, भाला खांद्याला टाकून, ज्वारीची कणसे दोन्ही हातांनी चोळून दाणे खात चालला होता. ही कथा पेशव्याचा साधेपणा दाखविण्यासाठी सांगतात. मला तिच्यात युद्धशास्त्र दिसते. मोगली लष्कराबरोबर मुदपाकखाने, डेरे आणि बैलांचे तांडे चालत. मराठी स्वार उभ्या पिकातून जाताना ओले कणीस खाई, म्हणजे त्याचे अन्न आणि पाणी दोन्ही एकाच ताटावर उभे असत, आणि शिजविण्यासाठी घोडा थांबवावा लागत नसे. मात्र ही सोय पीक उभे असेतोच. आणि त्या सोयीची किंमत ज्याचे शेत त्या कुणब्याने भरलेली असे, हेही विसरता कामा नये. इतर ऋतूंत लष्कराची भिस्त वंजारी-लमाणांच्या बैलांवर असे. गोणी लादलेले हजारो बैल घेऊन हे लोक दोन्ही पक्षांना धान्य विकीत, आणि म्हणून दोन्ही पक्ष त्यांना सहसा लुटीत नसत.

या रसदशास्त्रात पटवर्धनांची फौज किती पारंगत होती, याचा पुरावा खुद्द इंग्रजांनी लिहून ठेवलेला आहे. म्हैसूरच्या टिपूवरील मोहिमेत तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९० च्या शरद ऋतूत धारवाडास वेढा घातला; तो पुढील एप्रिलमध्ये निकालात निघाला. इकडे इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याने मित्रपक्षी मराठ्यांची वाट न पाहता श्रीरंगपट्टणावर चाल केली, १५ मे १७९१ रोजी अरिकेरे येथे लढाई जिंकली, आणि जिंकूनही तो हरल्यासारखाच झाला; कारण त्याचे बैल हजारोंनी मेले होते, माणसे अर्ध्या शिध्यावर आली होती, आणि तोफा ओढावयास जनावर उरले नव्हते. वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्या हातांनी निकामी करून त्याने पाठ फिरविली. मार्गात घोडेस्वारांची एक फौज दिसली तेव्हा शत्रू आला असे समजून इंग्रज सज्ज झाले. ती निघाली पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांची. टिपूच्या स्वारांनी जासूद अडवून धरल्यामुळे ते इतके जवळ आल्याची वार्ताच कॉर्नवॉलिसला नव्हती.

त्या फौजेबरोबर जो बाजार चालत होता तो पाहून उपाशी इंग्रज थक्क झाले. विल्क्स नामक त्यांच्या इतिहासकाराने त्या बाजाराचे वर्णन केले आहे. त्यात काश्मिरी शालींपासून विलायती चाकूपर्यंत आणि हिरेमोत्यांपासून जुन्या कपड्यांपर्यंत सर्व काही होते, आणि खाण्याच्या पदार्थांत शेळ्यामेंढ्या व कोंबड्यांबरोबर कोकणातली खारवून सुकविलेली मासळीही होती. समुद्रकाठची ती मासळी घाट चढून आणि तुंगभद्रा ओलांडून म्हैसूरच्या रणात विक्रीस उभी राहावी, यात मराठी रसदेचे सारे मर्म आले. ती हलकी होती, मिठाने व उन्हाने पाणी सोडून टिकाऊ झाली होती, आणि जेथे फौज उतरे तेथे पाणी मिळे. दर जबर होते, याबद्दल इंग्रजांनी तक्रारही केली आहे. परंतु ते दर देऊनच त्यांचे सैन्य जगले. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापून काढली, त्या खंडांचा राजकीय इतिहासासाठी पुष्कळ उपयोग झाला; पण दाणा, वैरण, बैल आणि बाजारभाव यांच्या दृष्टीने ते कोणी पुन्हा सावकाश वाचले, तर एक स्वतंत्र ग्रंथ होईल इतके त्यात दडलेले आहे.

शांततेच्या काळातली साठवण पेवांत होई. सातारा-सांगलीच्या पूर्वभागात ज्वारी जमिनीखालच्या पेवात वर्षानुवर्षे राही. पेव उघडल्यावर आत कोंडलेली विषारी हवा जाऊ दिल्यावाचून कोणी उतरत नसे. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात हळदीची पेवे होती. उकडून, वाळवून, पॉलिश केलेली हळद त्या मातीत किडीवाचून टिके. २००५ च्या महापुराचे पाणी त्यांत शिरून अपरिमित हानी झाली, आणि तेव्हापासून वखारी व शीतगृहे यांकडेच व्यापाऱ्यांचा कल वळला. कोरड्या मालाला पाणी हवे तेव्हा न मिळणे जितके वाईट, तितकेच नको तेव्हा मिळणेही.

पंढरीच्या वारीविषयी येथे विस्तार करीत नाही. आळंदीहून निघालेली पालखी नीरा ओलांडून लोणंदास येते आणि तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत सातारा जिल्हा पार करते. त्या दिंड्यांमागून आज पाण्याचे टँकर धावतात, पण गाठोड्यातले मेतकूट, चटणी आणि लाडू अजून गेलेले नाहीत. १९४२ नंतरच्या, इंग्रज सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या दिवसांत कुंडल आणि आसपासच्या गावांतील बायकांनी भूमिगतांना उसाच्या फडांत भाकरी पोचविली, आणि तेथे ओली शिदोरीच योग्य होती. कारण चुलीचा धूर म्हणजे पोलिसांना निमंत्रण. या दोन उदाहरणांवरून एवढेच दिसते की कोणती शिदोरी घ्यावी हे वाट ठरविते, आवड नव्हे.

पण १९७२ च्या दुष्काळाचा उल्लेख टाळता येणार नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत रस्त्यांच्या आणि नालाबंडिंगच्या कामांवर खडी फोडणाऱ्या लाखो हातांना सरकारने सुकडी वाटली: भाजलेल्या पिठाची, गोड, कोरडी, मुठीने खाता येईल अशी. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीची कडू आठवण त्या पिढीला आहे. सुकडीची मात्र ती पिढी मायेने आठवण काढते. आमच्या आयाबायांचा सातूच तो, सरकारी पोत्यात भरून परत आलेला. रानात सावली नव्हती, चूल मांडण्यास जळण नव्हते, आणि पाणी पिण्यापुरतेच टँकरने येई. त्या परिस्थितीत लहान मुलालाही तत्काळ खाता येईल असे दुसरे अन्न सुचविणे कठीण होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर कोरड्या शिदोरीने माणसे जगविल्याचा दाखला या जिल्ह्यांच्या इतिहासात दुसरा नसेल.

आता वाळविण्याच्या क्रियेकडे वळू, कारण त्या बाबतीत सांगली आज हिंदुस्थानात अग्रगण्य आहे. तासगाव, कवठे महांकाळ, मिरज या बाजूस माघ-फाल्गुनात गेले असता हिरव्या जाळ्यांनी झाकलेल्या लांबच लांब शेड दिसतात. आत तारेच्या व जाळीच्या एकावर एक अनेक थरांवर द्राक्षांचे घड पसरलेले असतात. त्यापूर्वी त्यांना पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात. त्यामुळे मण्यावरचा मेणचट थर फाटून आतले पाणी बाहेर पडण्यास वाट मिळते. ऊन थेट लागू द्यावयाचे नाही, वारा मात्र मोकळा हवा. पंधरवड्यात चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो. या काळात अवकाळी पावसाची एक सर आली की माल काळा पडतो आणि वर्षाची कमाई निम्म्यावर येते. मग झाडणे, देठ काढणे, निवडणे, प्रतवारी, पंधरा किलोच्या पेट्या, शीतगृह आणि सौदे. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साताऱ्याचा कंदी पेढाही याच कुळातला: दूध आटवून त्यातले पाणी जाळले की ते खव्याच्या रूपात कित्येक दिवस टिकते.

बेदाणा कितीही उत्तम झाला तरी त्याचे पुन्हा द्राक्ष होत नाही. पाणी द्रवरूपाने बाहेर पडताना पेशी आक्रसतात. गोठवून वाळविण्याची युक्ती नेमकी येथेच भिन्न आहे. पदार्थ आधी कडक गोठवावयाचा, मग हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या १६६ व्या हिश्शाखाली न्यावयाचा. त्या अवस्थेत बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते. बर्फ जागच्या जागी निघून गेल्यामुळे अन्नाचा आकार कायम राहतो आणि आत अनारशासारखी सूक्ष्म जाळी पडते. गरम पाणी ओतले की ते त्या जाळीतून पाहता पाहता सर्वत्र झिरपते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरचे लोक रात्रीच्या गारठ्यात गोठविलेले आणि दिवसा उन्हात तुडवून सुकविलेले बटाटे पुरातन काळापासून करीत आले आहेत. प्रयोगशाळेत ही क्रिया १९०६ मध्ये पॅरिसला सिद्ध झाली, दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव वाळविण्यासाठी तिचा प्रसार झाला, आणि १९६० नंतर व्हिएतनामच्या जंगलात गस्त घालणाऱ्या अमेरिकन सैनिकांच्या शिध्यात ती उतरली. आमच्याकडे १९६१ मध्ये म्हैसूरला सैन्याची अन्नसंशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली आणि हिमालयातल्या ठाण्यांसाठी असे अन्न तयार करण्याचे काम तिने हाती घेतले. ज्या म्हैसूरच्या मुलखात परशुरामभाऊंच्या बाजाराने एका उपाशी सैन्याला जगविले, तेथेच ही प्रयोगशाळा निघावी, हा योगायोग मला मोठा मनोरम वाटतो.

हिमालयात या पुडीची योग्यता वादातीत आहे. साडेपाच हजार मीटर उंचीवर पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळते. डाळ तासन्‌तास ठेवली तरी कच्ची राहते आणि जळण मात्र संपते. बर्फ आणि ओहोळ सर्वत्र असल्यामुळे पाण्याची उधारी तेथे जागेवर फिटते. साताऱ्याच्या गिर्यारोहक प्रियांका मोहिते यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्ट आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णा सर केल्यापासून या जिल्ह्यातील कित्येक मुलामुलींची दृष्टी त्या उंचीकडे लागलेली आहे. त्यांनी अशी पुडी निवडावी हे सर्वथा उचित.

परंतु तीच पुडी चैत्रात कल्याणगडावर अथवा प्रचितगडाच्या वाटेवर नेणाऱ्याने थोडा हिशेब करावा. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या पुडीला तीनशे ते चारशे मिलिलिटर पाणी लागते. टाकी तळाला गेली असतील तर ते पाणी पायथ्यापासून पाठीवर न्यावे लागणार. म्हणजे दशमी-चटणीपेक्षा ओझे कमी तर होत नाहीच, उलट चूल आणि तिचे इंधन यांची भर पडते. शिवाय कोयना आणि चांदोलीच्या अरण्यांत, जेथे आता व्याघ्र प्रकल्प आहे, अग्नी पेटविण्यास मनाई आहे, आणि ती असावयासच पाहिजे. बामणोलीहून नावेने शिवसागर ओलांडून वासोट्यास जाणाऱ्याला मुक्कामही करता येत नाही. तेथे उकळते पाणी मागणारी पुडी काय उपयोगाची? एका दिवसाच्या चढाईला सांगलीचा भडंग, मूठभर बेदाणे, गूळ-शेंगदाणे आणि दोन धपाटी यांहून सरस असे काही विलायतेतही निघालेले नाही. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते: ही जाळीदार कोरडी वस्तू घाटमाथ्यावरील धुक्यात उघडी राहिली की झपाट्याने ओलावा ओढून घेते, म्हणून फोडलेली पुडी दुसऱ्या दिवसासाठी राखू नये.

तीन-चार दिवसांची, गावांपासून दूर जाणारी डोंगरयात्रा असेल आणि वाटेत वाहते पाणी निश्चित असेल, तर मात्र या पुडीचा पुरस्कार मी मनापासून करीन. आणि त्याबरोबर एक मागणीही करीन. महाराष्ट्रातील दुकानांत ज्या पुड्या मिळतात त्या बव्हंशी उत्तरेकडील पदार्थांच्या आणि उकळत्या पाण्याच्या असतात. सांगलीत शीतगृहे आहेत, वाळवणाचे व्यापारी ज्ञान आहे, निर्यातीची सवय आहे. साताऱ्यात फळप्रक्रियेचे कारखाने आहेत आणि माणदेशात हुलग्याचे माडगे व पिठले करणाऱ्या सुगरणी आहेत. या सर्वांच्या विद्येतून, थंड पाण्यात दहा मिनिटांत भिजून खाण्याजोगे होईल असे हुलग्याचे पिठले अथवा मेथीची पातळ भाजी तयार करणे यंत्रशास्त्रास अशक्य नाही. यंत्र महाग आहे आणि वीज पुष्कळ खाते, हे खरे. पण सातूला जे गार पाण्यात साधते ते पिठल्याला साधावे, एवढाच प्रश्न सुटावयाचा आहे, आणि तो सोडविण्यास लागणारी माणसे तासगाव ते दहिवडी या टापूत आज हयात आहेत.